मशीनवरचा बल्ब

आमच्या पनवेलच्या घरातलं ऊन बिल्डरने नेलं आणि त्याच्या जागी माझ्या नवऱ्याने नऊ वॉटचा बल्ब लावला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की बायका मला विचारतात, "मनिषाताई, तुमच्यासारख्या बाईकडून अशी चूक झालीच कशी?" झाली. पण एकटीकडून नाही झाली, आणि बोलणी मात्र एकटीने खाल्ली.

मी शिवणकाम करते. वीस वर्षं झाली. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नाचे दिवस असले की रात्रंदिवस तेच. ज्या बाईंकडे शिकले त्यांनी पहिल्या दिवशी हातात सुई दिली नव्हती. दोन कातरणं दिली होती आणि सांगितलं होतं, "रंग दिव्याखाली बघायचा नाही. दारात जाऊन बघायचा." वीस वर्षं मी दारात नाही तर खिडकीत जाऊन रंग बघितला. माझ्या मशीनला पूर्वेची खिडकी होती. सकाळी असं ऊन यायचं की सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवला जायचा. मग शेजारच्या प्लॉटवर अठरा मजले उभे राहिले, इतके जवळ की आता खिडकी उघडली की समोरच्यांच्या बाथरूमची जाळी दिसते आणि कोण कुठल्या साबणाने आंघोळ करतं तेही कळतं. दुपारी बारा वाजता मला दिवा लावून बसावं लागतं. फ्लॅटचं दार उघडावं तर बाहेर पॅसेज, तिथेही सोसायटीचे बल्ब. गच्चीवर जावं तर गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीकडे. म्हणजे दिवसाचा उजेड बघायचा तर तीन जिने उतरून खाली रस्त्यावर जायचं. हे तीन जिने लक्षात ठेवा.

माझा नवरा प्रदीप एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. त्यांच्याकडे कुणी साहेब येऊन वीज बचतीवर बोलून गेला आणि आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. फ्रिज उघडला की मागून आवाज, "बंद कर, बंद कर." पंखा फिरताना दिसला की बटणाकडे धाव. वीज वाचवायला माझी ना नव्हती. वाचलीच पाहिजे. मी एवढंच म्हटलं होतं, की बाकी घरात काय हवं ते लाव, मशीनवरचा बल्ब मी स्वतः बघून आणते. मोठ्या साडीच्या दुकानात काउंटरवर असतो ना, साडी आहे तशी दाखवणारा, तो मला पाहिजे.

त्यावर हा माणूस म्हणाला, "उजेड तो उजेड, मनिषा. रंग कापडात असतो, बल्बात नसतो."

आणि दुसऱ्या दिवशी बारा बल्बांचा खोका घेऊन आला. एकगठ्ठा घेतले म्हणून स्वस्त. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं का, तर वाचलं, वॉट वाचले. तेवढेच वाचले. मशीनवरची माझी जुनी ट्यूब काढून भंगारवाल्याला देऊनही मोकळा झाला, मी बाजारात गेले होते तेवढ्या वेळात. बारातले आठ आमच्या घरात लागले आणि चार माझ्या माहेरी गेले, जावयाची भेट म्हणून. तिथे माझ्या चुलत भावाच्या, काशिरामदादाच्या घरी हा स्वतः स्टुलावर चढून बल्ब लावत होता आणि खालून सगळे कौतुकाने बघत होते. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

माझं माहेर उलव्याच्या बाजूला. जिथे आम्ही लहानपणी भाताच्या बांधावरून शाळेत जायचो तिथे आता क्रेन आहेत. काशिरामदादा आणि महादेवदादा हे माझे चुलत भाऊ, सख्खे एकमेकांचे. जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाला आणि प्लॉटवरून दोघांचं फाटलं. सहा वर्षं बोलणं नाही. एका गल्लीत समोरासमोर घरं, मधे बारा पावलं, पण काशिरामदादाकडे गणपती बसला तर महादेवदादा आरतीला नाही आणि महादेवदादाच्या मुलीला, हेतलला, नोकरी लागली तेव्हा पेढे सगळ्या गावात गेले, समोरच्या घरात नाही. त्यांची आई जनीकाकी सकाळी एकीकडे चहा प्यायची, संध्याकाळी दुसरीकडे. मधल्या गल्लीत येता-जाता तिचे पाय झिजले.

या वर्षी काशिरामदादाच्या प्रणितचं लग्न ठरलं. काकीने तेव्हा दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि अट घातली.

"हळदीला दोनी घरच्या बाया एका रंगात उभ्या राह्यल्या पायजेत. नायतर मी मांडवात पाय ठेवनार नाय. मला एकदा बघू द्या. मग काय भांडायचं ते भांडा."

आमच्याकडे हळदीला अख्ख्या भावकीच्या बायका एकसारख्या साड्या नेसतात. ज्या घरचं लग्न त्या घरानं साड्या द्यायच्या. कुणाला दिली, कुणाला नाही, कशी दिली, यावर वर्षानुवर्षं रुसवे चालतात. तुम्हाला हसू येत असेल तर हसा. आमच्यात साडी नुसती साडी नसते, ते बोलावणं असतं. रेवावहिनी म्हणजे काशिरामदादाची बायको, स्वतः समोरच्या घरी गेली, सहा वर्षांनी, आणि तेरा साड्या बेबीवहिनीच्या ओट्यावर ठेवून आली. बेबीवहिनी महादेवदादाची बायको. तिने साड्या आत घेतल्या. तेरा त्यांच्या घरच्या, तेरा इकडच्या. हळदीच्या रंगाच्या, हिरव्या काठाच्या, सव्वीसच्या सव्वीस सारख्या.

साड्या बिनब्लाउजपीसच्या होत्या. काशिरामदादाने ब्लाउजसाठी पिवळं थान आणलं आणि माझ्याकडे पाठवलं. सगळे ब्लाउज मनीनेच शिवायचे, असा काकीचा हुकूम. मला काय वाटलं ते कसं सांगू. माझ्या हाताने ही दोन घरं एक होणार होती. मी दुसरी कामं बाजूला सारली.

मापं द्यायला आधी रेवावहिनीकडच्या बायका आल्या. आणि काशिरामदादा पुरुष माणूस, त्याने कापड आणलं अंदाजाने, साध्या बाह्या धरून. ह्यांना पाहिजेत कोपरापर्यंत बाह्या. वर झालर. एकीने मागितल्यावर तेराजणींनी मागितल्या. मी सांगितलं, कापड जास्त जाईल. रेवावहिनी म्हणाली, "जाऊ दे गो, पुरल." तेरा ब्लाउज कापले आणि थान संपलं. उरलं त्यात एक बाहीसुद्धा निघाली नसती.

आता बेबीवहिनीकडचे साध्या बाह्यांचे तेरा कशात शिवू? कळवावं तर काय कळवू? तुमच्या जावांच्या बाह्या लांब झाल्या म्हणून तुम्हाला कापड उरलं नाही? तिथेच संपलं असतं सगळं. मी ठरवलं, कुणाला कळायला नको. कातरण घेतलं आणि संध्याकाळी पनवेलच्या बाजारात गेले. ज्या दुकानातून दादाने थान घेतलं होतं तिथेच. दुकानदार म्हणाला, "ताई, सेम आहे. डोळे मिटून घ्या." मी डोळे मिटून घेणारी नव्हे. त्याच्या दिव्याखाली कातरण लावून बघितलं, एकच. घरी येऊन माझ्या बल्बाखाली लावलं, पुन्हा एकच. उलटून बघितलं, चुरगाळून बघितलं, नखाएवढा फरक नाही.

सकाळी उठून खाली जायचं होतं. तीन जिने. मी मनाशी म्हटलंही, उतरून ये एकदा. पण तेरा ब्लाउज दोन दिवसांत द्यायचे होते, गुडघा दुखत होता आणि एवढा लख्ख उजेड होता खोलीत. प्रदीप बाजूला चहा पीत बसला होता. म्हणाला, "आणखी काय बघायचंय? दिवसासारखा उजेड आहे. खोक्यावर लिहिलंच आहे, डेलाइट." मी कात्री उचलली. वीस वर्षांत पहिल्यांदा, दारात न जाता.

हळदीच्या दिवशी आमच्याकडे बायका वाजतगाजत उंबराची फांदी आणायला निघतात. दुपारचे चार वाजलेले, ऊन अजून अंगावर येत होतं. रेवावहिनीकडच्या बायका गल्लीत येऊन उभ्या राहिल्या, साडीला ब्लाउज असा मिळाला होता की एकाच ताग्यातून दोन्ही निघावेत. काकी मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर बसली होती. केस विंचरून, नव्या लुगड्यात. बँडवाले तयार होते. मग समोरच्या घरात दिव्याखाली नटून झालं, दार उघडलं आणि बेबीवहिनी पुढे, तिच्या मागे बाराजणी, अशा रांगेने उन्हात आल्या.

मला पहिल्यांदा दिसलं. शिवणारीला पहिल्यांदा दिसतं. तेराच्या तेरा ब्लाउज लिंबाच्या रंगाचे होते. हिरवट, फिके. साडी हळदीची आणि वर ते लिंबू, जसं काही घरात पडून राहिलेलं कापड कुणाला तरी लावून दिलं असावं.

मग बेबीवहिनीला दिसलं. ती चालता चालता थांबली. तिने रेवावहिनीच्या दंडाकडे बघितलं, मग स्वतःच्या दंडाकडे.

"वैनी," ती शांतपणे म्हणाली, "आमाला उरल्याला कपडा दिलास."

"उरल्याला कशाला?" रेवावहिनी म्हणाली. "एकच थान हाय."

"मला डोळे हायत."

"मंग नीट बघ."

"नीटच बघतंय. सहा वर्सांनी आमच्या दारात आलीस ती यासाठी? गावाला दाखवायला, की ह्या कोनत्या घरच्या हायत?"

रेवावहिनीने तिच्याकडे बघितलं आणि तिलाही फरक दिसला. दिसला आणि काही सुचेना. तिचा चेहरा मी बघत होते. तिला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत नसलेला माणूस असा गप्प झाला की समोरच्याला तो चोर वाटतो. मागे महादेवदादा उभा होता. तो बायकांना एवढंच म्हणाला, "चला घरी." तेराजणी वळल्या. काकी खुर्चीचे हात धरून उठायला लागली, ती मांडवाकडे नाही, गल्लीकडे.

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. माझ्यावर कुणाचा संशयच नव्हता. शिवणारी काय, जे कापड येईल ते शिवते. प्रदीप माझ्या बाजूला होता. त्याने माझा कोपर धरला आणि हळूच म्हणाला, "गप्प बस. तुझ्यावर कुठे आलंय?"

तो कोपर मी असा सोडवला की त्याच्या हातातला सरबताचा ग्लास सांडला. मला माहीत होतं मी काय घालवणार आहे. मांडवात चार गावच्या बायका होत्या. निम्म्या माझ्या गिऱ्हाईक, उरलेल्या पुढच्या वर्षी होणाऱ्या. शिवणारीची टीप वाकडी गेली तर चालते, उसवून परत घालता येते. तिला रंग कळत नाही असं एकदा झालं की तिच्याकडे कुणी कापड टाकत नाही. पण काकी त्या गल्लीत मधोमध उभी होती आणि कुठल्या बाजूला जावं हे तिला कळत नव्हतं.

"बेबीवैनी, थांब," मी म्हटलं. "थान संपलं होतं. तुमचं कापड मी आनलं. रेवावैनीला ठाव नाय, कोनालाच ठाव नाय. चूक माझी हाय."

बेबीवहिनी वळली, पण तिचा विश्वास बसला नाही. "शिलाई त्यांनी दिली तुला. तू त्यांचीच बाजू घेनार. आनि तुला रंग कलत नाय? तुला? शेंबड्या पोराला कलंल असा रंग हाय ह्यो."

आता हे कसं पटवायचं? लाज तर गेलीच होती, आणि खरं बोलून उपयोगही नव्हता. तेवढ्यात माझ्या डोक्यात आली काशिरामदादाची भाताची खोली, शेती होती तेव्हाची. तिला खिडकी नाही, एक दार घरात आणि एक परसात. आणि तिथे लावलाय तो आमच्याच खोक्यातला बल्ब.

मी बेबीवहिनीचा हात धरला, रेवावहिनीचा धरला आणि दोघींना घेऊन आत चालू पडले. "काकी, तू पन ये," म्हटलं. कणग्यांच्या मधे चौघी दाटीवाटीने उभ्या राहिलो. मी दार लावलं, बल्ब लावला आणि दोघींचे दंड एकमेकांना टेकवले. सहा वर्षांत ह्या दोघी इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

"आता बघा."

दोन्ही ब्लाउज एक रंगाचे. कुणाचा कुठला ते सांगता येऊ नये असे. बेबीवहिनीने मान वाकडी करून बघितलं, बाहीवरून बोट फिरवलं, दुसरीच्या बाहीवरून फिरवलं. मी मागचं परसाचं दार उघडलं. ऊन आत आलं आणि एक हळद, एक लिंबू. दार लावलं, एक. उघडलं, दोन.

"पुन्यांदा," काकी म्हणाली.

पुन्हा केलं. काकीने वर बल्बाकडे बघितलं. "ह्यो जावयांनी दिल्याला ना?"

"व्हय काकी. आनि असाच माझ्या मशीनवर हाय. मी याच्याखाली बघून कापलं. खाली उतरून उन्हात बघायला पायजे होतं. नाय बघितलं. तीन जिने उतरायचा कंटाला केला."

बेबीवहिनीचा राग उतरलेला दिसत होता, पण ती दाराकडे जाईना. "मला पटलं," ती म्हणाली. "पन भायेर तेरा बाया लिंबू घालून उभ्या हायत. सगल्या गावाला ह्या खोलीत आनून दार लावशील काय?"

ते खरंच होतं. बाहेर जे दिसत होतं ते दिसतच होतं. मी तिच्या खांद्यांकडे बघत होते आणि मला तिचं माप आठवलं. मला मापं पाठ असतात. वही लागत नाही. छाती अडतीस, खांदा चौदा, मुंढा सतरा. आणि हे माप मी दोनदा लिहिलं होतं.

"तुमचं दोघींचं माप एकच हाय," मी म्हटलं. "बाह्या सोडल्या तर सूतभर फरक नाय."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. रेवावहिनीला आधी समजलं. ती तशी तापट, पण मनात काही ठेवणारी नाही. तिने पदर खाली घेतला आणि तिथेच हूक काढायला लागली.

"काय करतेस वैनी," बेबीवहिनी म्हणाली.

"तुझा दे इकडं. सासूसमोर लाजतेस काय आता?"

काकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते. ती हसत होती.

मग मी त्या भाताच्या खोलीचं दुकान केलं. दारात उभी राहून एकेकीला हाक मारली. इकडची छत्तीस, तिकडची छत्तीस. इकडची चाळीस, तिकडची चाळीस. कुणाला सांगितलं श्वास आत घे, कुणाला सांगितलं आतली एक टीप उसवते, थांब. हेतलला तिच्या चुलत वहिनीचा बसला. सात जोड्या जुळल्या. पुढच्या अर्ध्या तासात सहा वर्षं न बोललेल्या बायका एकमेकींच्या ब्लाउजचे हूक लावत होत्या. बाहेर बँडवाले दोनदा विचारून गेले. शेवटी सव्वीसजणी उन्हात उभ्या राहिल्या तेव्हा दोन्ही रंग दोन्ही घरांत होते आणि रंगावरून घर ओळखायची सोय राहिली नव्हती. काकी पुढे झाली आणि उंबराकडे चालू लागली. काशिरामदादाने महादेवदादाच्या हातात पूजेचं ताट दिलं, ते त्याने घेतलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी इतकी चिडले नसते. दिवस मावळला आणि मांडवातले दिवे लागले. पांढरे लख्ख. आणि लागल्याबरोबर सव्वीसच्या सव्वीस ब्लाउज एका रंगाचे झाले. हळद नाही, लिंबू नाही, सगळं एक. प्रदीप जेवणाचं ताट घेऊन माझ्याजवळ आला. चेहरा कसा, परीक्षेत पहिला आल्यासारखा.

"बघ," तो म्हणाला. "अंधार पडेपर्यंत थांबली असतीस तर काहीच झालं नसतं. उगाच सगळ्यांसमोर चूक माझी, चूक माझी करत बसलीस. शेवटी बल्बानेच निभावलं."

मी त्याला काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही, माहेरची भाषा आहे. एवढं म्हटलं, की लपवलं म्हणजे निभावलं नव्हे. तुझ्या बल्बाने मला फसवलं, आता वर तू त्याचं कौतुक सांगू नको. वीज वाचवायची तर वाचव, पण ज्याच्या कामाचा दिवा आहे त्याला विचारून आण. स्टोअरमधे साहेबाला न विचारता बारा खोके उचलून आणशील का? मग माझ्या मशीनवर काय लावायचं ते तू कोण ठरवणार? तुझ्या ऑफिसातलं ते काम आणि माझं ते काय, टाइमपास? त्याचा घास हातातच राहिला. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. ऐकू दे म्हटलं.

आणि मला जी भीती होती ते झालंच. आठवड्याभरात उरणपर्यंत पोचलं की मनीला रंग कळत नाही. तिथल्या मोरा गावातून एक मोठं काम यायचं होतं, ते आलं नाही. फोन केला तर म्हणाल्या, "नाही हो, आम्ही ब्लाउज रेडिमेडच घेतो आता." वीस वर्षांचं नाव. एका गिऱ्हाइकाने कापड देताना मला विचारलं, "ताई, रंग नीट बघाल ना?" मी कापड परत देणार होते. दिलं नाही. ते घेऊन तिच्यासमोर तीन जिने उतरले, रस्त्यावर उन्हात उभी राहून दोरा जुळवला आणि पुन्हा तीन जिने चढले. गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो.

त्या रविवारी नवऱ्याला घेऊन विजेच्या दुकानात गेले. पर्समधे दोन कातरणं, एक हळद, एक लिंबू. दुकानदाराला सांगितलं, ज्या बल्बाखाली ही दोन कापडं वेगळी दिसतील तो द्या. तो आधी हसला. मग एकेक लावायला लागला. पहिला, एक. दुसरा, एक. प्रदीप दर वेळी वॉट वाचत होता. पाचव्याला थोडा फरक वाटला. सातवा लावला आणि माझ्या तळहातावर दोन रंग वेगळे झाले, उन्हात होते तसेच.

"हा," मी म्हटलं.

दुकानदाराने खोका फिरवून दाखवला. बारीक अक्षरात सीआरआय लिहिलेलं होतं, पुढे पंच्याण्णव. म्हणाला, रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा, शंभरातला. आधीचे सत्तरच्या आसपासचे होते. कुणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही. मला इतका राग आला. आम्हाला विचारायचं काय हेच माहीत नाही, आणि तुम्ही विचारल्याशिवाय सांगणार नाही. मग आम्ही शहाणं व्हायचं कधी? प्रदीपने खोका हातात घेतला, वॉट बघितले. नऊच होते. त्याने ते दोनदा बघितले आणि बल्ब काउंटरवर ठेवला, बांधायला. घरी आल्यावर स्टुलावर चढून लावला त्यानेच. लावून झाल्यावर विचारलं, "ठीक आहे का?" हे आधी विचारलं असतं तर.

परवा बेबीवहिनी आली. जिने चढून धापा टाकत बसली, पाणी प्यायली आणि पिशवीतून तो हळदी ब्लाउज काढला. रेवावहिनीचा, लांब बाह्यांचा. हूक तुटला होता, लावून पाहिजे होता. मी नव्या बल्बाखाली धरला, साडीच्या रंगाचा दोरा काढला आणि तिच्याकडे बघितलं. ती लांब बाह्या कधी घालत नाही, तिला उकडतं.

"बाह्या कापून आखूड करून देऊ?" मी विचारलं. "की रेवावैनीला परत करायचाय?"

"परत कशाला? तिनं माझा दिला काय?" बेबीवहिनी म्हणाली. "नि बाह्यांना हात लावू नको. हाय तसा राहू दे." मग पिशवीतून नव्या साड्यांच्या रंगाचं एक कापड काढलं, नमुन्याला. हेतलचं लग्न ठरतंय, म्हणाली. सव्वीसजणींचं माप तुला पाठ हाय, ब्लाउजचं कापड आनायला तूच जा.

मी हूक लावून दिला आणि कापडाचं टोक घेऊन तिला म्हटलं, चल खाली, उन्हात बघू. नवा बल्ब चांगला आहे, पण मी आता कुणावर विसंबत नाही. आम्ही दोघी जिने उतरायला लागलो.